कर्ट फ्लडची कारकीर्द कशी मोजावी?

मधलेमैदान

अमेरिकन बेसबॉलपटू कर्ट फ्लडचे नाव निघाले की खटल्याची गोष्ट सुरू होते. सेंट लुइस कार्डिनल्सने ऑक्टोबर 1969 मध्ये त्याला न विचारता फिलाडेल्फिया फिलीज संघाकडे धाडले, त्याने जायचे नाकारले, प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि तिथे तो हरला. ही गोष्ट महत्त्वाची आहेच, पण ती सांगताना त्याआधीची बारा वर्षे एका वाक्यात उरकली जातात, आणि याचे मला फार दिवसांपासून वाईट वाटत आले आहे.

म्हणून आधी खेळाडू म्हणून तो कोण होता ते मांडतो. 1963 ते 1969 अशी सलग सात वर्षे त्याला गोल्ड ग्लोव्ह, म्हणजे क्षेत्ररक्षणाचा सर्वांत मानाचा पुरस्कार, मिळाला. त्या काळी आउटफील्डमधल्या, म्हणजे मैदानाच्या मागच्या भागातल्या, तिघांना हा पुरस्कार देताना डावा, मधला, उजवा असा भेद करत नसत, आणि 1963 ते 1968 या सहाही वर्षांत नॅशनल लीगचे (दोन मोठ्या लीगपैकी एक) ते तिघे होते विली मेज, रॉबर्टो क्लेमेंटे आणि कर्ट फ्लड. ज्या यादीत उरलेली दोन नावे ही आहेत, तिथे तिसरे नाव उगाच लागत नाही. 1966 च्या संपूर्ण हंगामात त्याच्या नावावर एकही चूक नोंदली गेली नाही. त्या हंगामाच्या आगेमागे मिळून त्याने सलग 226 सामने बिनचूक क्षेत्ररक्षण केले. बॅट हातात घेतली तरी तो मागे नव्हता. 1964 मध्ये त्याच्या 211 हिट्स, म्हणजे बेसवर पोहोचवणारे फटके, क्लेमेंटेच्या बरोबरीने लीगमध्ये सर्वाधिक होत्या आणि 1967 मध्ये त्याची सरासरी, म्हणजे संधींमागे हिट्सचे प्रमाण, .335 होती. कार्डिनल्सने 1964 आणि 1967 मध्ये वर्ल्ड सिरीज, म्हणजे हंगामाची अंतिम मालिका, जिंकली तेव्हा सेंटर फील्डमध्ये, आउटफील्डच्या मधल्या जागी, तोच उभा होता.

माझे मत असे की फ्लडला आधी आउटफील्डर म्हणून मोजले पाहिजे आणि खटला त्यानंतर यावा. आपल्याला काय वाटते?

शांतनिळाई

उत्तम धागा. मी क्रिकेट पाहून वाढले, त्यामुळे एक प्राथमिक शंका विचारते. सेंटर फील्ड ही जागा इतकी अवघड का मानतात? आपल्याकडे सीमारेषेवर उभे राहणाऱ्याचे काम स्लिपमधल्या माणसापेक्षा सोपे समजले जाते.

पावसाळी_झेल

@शांतनिळाई, या शंकेचे उत्तर द्यायला मला फार आवडेल, कारण मी मुंबईत पावसाळ्यात होणाऱ्या कांगा लीग या क्रिकेट स्पर्धेत सात-आठ पावसाळे लाँग ऑफला काढले आहेत. ओल्या, वाढलेल्या गवतावर धावत झेल घेणे म्हणजे काय ते पाय अजून विसरलेले नाहीत.

बेसबॉलमध्ये संपूर्ण आउटफील्ड तिघांत वाटलेले असते आणि मधल्या माणसाकडे सर्वांत मोठा तुकडा येतो. चेंडू बॅटवर आदळला त्या क्षणी पहिले पाऊल कुठे टाकायचे हे ठरवावे लागते. ते चुकले तर पुढचा वेग कामाचा नाही. डावीकडे किंवा उजवीकडे जाणारा चेंडू कितीही जोरात असला तरी त्याचा मार्ग बाजूने दिसतो. खरी परीक्षा पाहतो तो थेट तुमच्या अंगावर येणारा चेंडू. तो समोरून दिसत असल्यामुळे पुढे पडणार की डोक्यावरून जाणार हे कळायला अर्धा क्षण जास्त लागतो, आणि तो अर्धा क्षणच खेळाडूकडे नसतो.

हे एवढ्यासाठी सांगितले की फ्लडच्या आयुष्यातली सर्वांत प्रसिद्ध चूक नेमकी अशाच चेंडूवर झाली. ऑक्टोबर 1968, वर्ल्ड सिरीजचा सातवा सामना, डेट्रॉइट टायगर्सविरुद्ध, स्वतःच्याच मैदानावर. कार्डिनल्सचा बॉब गिब्सन पिचिंग, म्हणजे चेंडू टाकण्याचे काम, करत होता. सातव्या इनिंगपर्यंत दोन्ही संघांची पाटी कोरी होती, दोन बाद झाले होते आणि बेसवर दोन माणसे होती. जिम नॉर्थरपने चेंडू सरळ मध्याकडे मारला. फ्लड आधी दोन पावले पुढे आला, चेंडू लांब जातोय हे कळताच वळला आणि वळताना त्याचा पाय घसरला. चेंडू मागे गेला, दोन रन्स झाल्या आणि टायगर्सनी तो सामना 4-1 असा जिंकला.

मधलेमैदान

@पावसाळी_झेल, आभार. मी मुद्दाम त्या चेंडूचा उल्लेख टाळला होता, पण आपण ज्या समजुतीने तो मांडलात त्यामुळे आता वाटते की टाळायला नको होता. एक जोडतो. गिब्सनने त्या पराभवासाठी फ्लडला कधी दोष दिला नाही, आणि त्याच मालिकेच्या दोन महिने आधी, ऑगस्ट 1968 मध्ये, स्पोर्ट्स इलस्ट्रेटेडने मुखपृष्ठावर फ्लडला बेसबॉलमधला सर्वोत्तम सेंटर फील्डर म्हटले होते, आणि तेव्हा विली मेज खेळत होता.

आकडेमोड

आकड्यांविषयी थोडी सावधगिरी हवी. फ्लडची कारकिर्दीची सरासरी .293, हिट्स 1,861 आणि होम रन फक्त 85. आजच्या मोजमापात बेसवर पोहोचण्याचे प्रमाण आणि लांब फटक्यांची ताकद जास्त पाहिली जाते, आणि त्या दोन्हींत तो मेज आणि क्लेमेंटे यांच्या मागे आहे. त्याला थोर खेळाडू म्हणण्याआधी हे मान्य करायला हवे.

मात्र त्याच्या बाजूचा एक मुद्दाही आकड्यांतूनच निघतो. 1968 चा हंगाम पिचरांचा हंगाम म्हणून ओळखला जातो. गिब्सनने त्या वर्षी दर नऊ इनिंगमागे सरासरी 1.12 रन्स दिल्या, आणि पिचरांचे वर्चस्व इतके वाढले की पुढच्या हंगामापासून पिचरच्या उंचवट्याची उंची 15 इंचांवरून 10 इंचांवर आणली गेली. त्याच 1968 मध्ये फ्लडची सरासरी .301 होती. शिवाय 1969 चा हंगाम संपला तेव्हा तो 31 वर्षांचा होता आणि त्याच्या 1,854 हिट्स झाल्या होत्या. म्हणजे नकारानंतर त्याच्या खात्यात फक्त सात हिट्सची भर पडली. पुढे काय झाले असते याची कल्पना करायला मला आवडत नाही, पण एवढे दिसते की त्याची आकडेवारी खेळ संपल्यामुळे थांबलेली नाही.

खाडीपलीकडे

मी ओकलंडजवळ राहतो. फ्लडचा जन्म 1938 चा, ह्यूस्टनचा. पण तो वाढला पश्चिम ओकलंडमध्ये. तिथल्या मॅकक्लायमंड्स हायस्कूलने आणि जॉर्ज पॉवल्स या एका प्रशिक्षकाने घडवलेली मुले पाहिली की थक्क व्हायला होते : फ्रँक रॉबिन्सन, वेडा पिन्सन आणि कर्ट फ्लड. तिघेही आउटफील्डर, तिघेही एकाच वस्तीतले, आणि तिघांनाही सिनसिनाटी रेड्सनेच करारबद्ध केले. बास्केटबॉलचा बिल रसेलही त्याच शाळेचा.

ओकलंडमधून निघून हा मुलगा 1956 मध्ये दक्षिणेतल्या मायनर लीगमध्ये, म्हणजे खालच्या स्तरावर, खेळायला गेला, तेव्हा त्याला पहिल्यांदा समजले की कृष्णवर्णीय असल्यामुळे आपल्याला सहकाऱ्यांबरोबर जेवता येणार नाही आणि त्यांच्या हॉटेलात राहताही येणार नाही. दोन लागोपाठच्या सामन्यांमधला एक प्रसंग त्याने पुढे स्वतः सांगितला आहे. सगळ्यांनी घामाने भिजलेले कपडे धुण्यासाठी एका ढिगात टाकले. तिथल्या माणसाने फ्लडचे कपडे हात न लावता काठीने उचलून बाजूला काढले आणि कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या धोबीखान्यात पाठवले. ते परत येईपर्यंत तो कपड्यांशिवाय बसून राहिला.

शांतनिळाई

हा प्रसंग वाचून दलित क्रिकेटपटू बाळू पालवणकर आठवले. पुण्यात गोलंदाज म्हणून त्यांना संघात घेतले, पण चहाच्या वेळी त्यांचा चहा बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात येई. विकेट हव्या असत आणि माणूस नको असे.

खाडीपलीकडे

नेमके तेच. म्हणूनच @मधलेमैदान यांच्या मूळ भूमिकेशी मी सहमत होऊ शकत नाही. खेळाडू आधी आणि खटला नंतर अशी विभागणी फ्लडच्या बाबतीत करता येत नाही, कारण त्याच्या मनातला नकार 1969 मध्ये जन्मलेला नाही. 1957 च्या शेवटी रेड्सनेही त्याला न विचारताच कार्डिनल्सकडे दिले होते, आणि तेव्हा एकोणीस वर्षांच्या त्या मुलाने ते सोसले होते.

न्यायविचार

कायद्याची बाजू थोडी सविस्तर लिहितो, कारण त्याशिवाय फ्लड नेमका कशाविरुद्ध उभा राहिला हे स्पष्ट होणार नाही.

प्रत्येक खेळाडूच्या करारात एक कलम असे, ज्याला रिझर्व्ह क्लॉज म्हणत. करार संपला आणि नव्या रकमेवर एकमत झाले नाही, तर संघाला तोच करार आणखी एका वर्षासाठी वाढवता येई. मालकांचा अर्थ असा होता की वाढवलेल्या करारातही हे कलम असतेच, म्हणून तो पुन्हा वाढवता येतो, आणि असे करत खेळाडू निवृत्त होईपर्यंत त्याच संघाचा राहतो. संघाला मात्र त्याला केव्हाही विकता किंवा बदलून देता येई. ही प्रथा 1879 पासून कोणत्या ना कोणत्या रूपात चालत आली होती.

अमेरिकेत व्यापारातील मक्तेदारीविरुद्ध कायदा आहे. मग तो इथे का लागू झाला नाही? 1922 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की बेसबॉलचे सामने हा राज्याराज्यांमधला व्यापार नव्हे. 1953 मध्ये, रेडिओ आणि दूरचित्रवाणी घराघरांत पोहोचल्यावरही, न्यायालयाने तोच निर्णय कायम ठेवला. त्यानंतर मुष्टियुद्ध आणि अमेरिकन फुटबॉल यांना मात्र ही सूट नाकारली. एकट्या बेसबॉलला सूट उरली.

फ्लडचा निकाल 19 जून 1972 रोजी 5 विरुद्ध 3 असा लागला. नववे न्यायमूर्ती पॉवेल यांच्याकडे कार्डिनल्सच्या मालक कंपनीचे, अॅनहायझर-बुशचे, समभाग असल्यामुळे ते बाजूला राहिले. न्यायमूर्ती ब्लॅकमन यांच्या निकालपत्राचा पहिला भाग म्हणजे बेसबॉलची स्तुती आणि ऐंशीहून अधिक जुन्या खेळाडूंची नावे; बहुमतातल्याच दोन न्यायमूर्तींनी त्या भागावर सही केली नाही. पुढे ते मान्य करतात की ही सूट विसंगत आहे, पण ती दुरुस्त करणे संसदेचे काम आहे. मला हा निकाल दर वेळी वाचताना त्रास होतो. चूक मान्य करून ती ज्याच्यावर झाली त्याला मोकळ्या हाताने परत पाठवणे, ही न्यायाची फार कोरडी रीत आहे.

ठामपणे

माझे मत थोडे वेगळे आहे. फ्लडच्या धैर्याविषयी आदर ठेवूनही सांगतो की खेळाडूंना स्वातंत्र्य त्याच्या खटल्याने मिळाले नाही. ते मिळाले 23 डिसेंबर 1975 रोजी, जेव्हा लवाद पीटर साइट्झ यांनी अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली यांच्या बाजूने निर्णय देताना सांगितले की एक वर्ष म्हणजे एकच वर्ष. हे दोन खेळाडू न्यायालयात न जाता, खेळाडूंच्या संघटनेने सामूहिक करारातून मिळवलेल्या लवादाच्या मार्गाने गेले. सर्व श्रेय फ्लडला देणे हा मेसरस्मिथवर आणि संघटनेचे प्रमुख मार्व्हिन मिलर यांच्यावर अन्याय आहे. शिवाय वर्षाला 90,000 डॉलर मिळवणाऱ्या माणसाने गुलाम हा शब्द वापरावा हे मला आजही पटत नाही.

न्यायविचार

@ठामपणे, आपला पहिला मुद्दा बराचसा बरोबर आहे, तरी दोन गोष्टी सुटल्या. फ्लड हरल्यानंतर 1973 मध्ये मालकांनी एक नियम मान्य केला : ज्याची मोठ्या लीगमध्ये दहा वर्षे आणि एकाच संघात सलग पाच वर्षे झाली आहेत, त्याला त्याच्या संमतीशिवाय दुसऱ्या संघाला देता येणार नाही. फ्लड नेमका याच स्थितीत होता, आणि आजही बोलीभाषेत तो नियम त्याच्या नावाने ओळखला जातो. दुसरे असे की, न्यायालयाचा दरवाजा बंद झाला आहे हे खात्रीने कळल्याशिवाय संघटनेने लवादावर सारी भिस्त ठेवली असती असे मला वाटत नाही.

पाटावरवंटा

@ठामपणे, शब्दाबद्दल मी लिहिते. फ्लडने 3 जानेवारी 1970 रोजी दूरचित्रवाणीवरील क्रीडा पत्रकार हॉवर्ड कोसेल यांनी घेतलेल्या मुलाखतीत सांगितले की भरपूर पगार मिळणारा गुलामही गुलामच असतो. त्याने पगार लपवला नाही. उलट तोच वाक्याच्या सुरुवातीला ठेवला. महात्मा फुले यांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केला, तेव्हा त्यांनीही एका देशातला शब्द दुसऱ्या देशातल्या स्थितीला लावला होता, आणि तो अपुरा पडला असे आपण म्हणत नाही. आपल्याविषयीचा निर्णय कोण घेतो, एवढेच त्या शब्दात पाहायचे असते.

त्याने बेसबॉलचे आयुक्त बोवी क्यून यांना 24 डिसेंबर 1969 रोजी लिहिलेल्या पत्राचा सूरही पाहावा. बारा वर्षे मोठ्या लीगमध्ये खेळल्यानंतर, माझ्या इच्छेचा विचार न करता खरेदी-विक्री व्हावी अशी मी मालमत्ता आहे असे मला वाटत नाही, असे त्यात आहे. त्यात एकही शिवी नाही, की धमकी नाही. इतर संघांचे देकार ऐकण्याचा हक्क मिळावा, एवढीच मागणी आहे.

ठामपणे

@पाटावरवंटा, फुल्यांच्या अर्पणपत्रिकेचा मुद्दा मला सुचला नव्हता. शब्दाबाबतचे माझे म्हणणे मी मागे घेतो. श्रेयाबाबतचे ठेवतो.

पावसाळी_झेल

थोडे स्वतःचे सांगतो. एका क्लबमधून दुसऱ्यात जायचे ठरवले तेव्हा जुन्या क्लबने माझे ना-हरकत पत्र जवळजवळ एक हंगाम दिले नाही. त्यांना मी अंतिम अकरात नको होतो आणि दुसरीकडेही नको होतो. मी हौशी खेळाडू, माझे पोट त्यावर नव्हते, तरीही त्या पावसाळ्यात शनिवार-रविवार घरी बसून मी जो संताप अनुभवला तो वीस वर्षांनंतरही जसाच्या तसा आठवतो. म्हणून फ्लडचे पत्र वाचताना मला कायद्याच्या आधी ते घरी बसणे आठवते. तो संपूर्ण 1970 चा हंगाम घरी बसला होता, आणि फिलीज त्याला 1,00,000 डॉलर द्यायला तयार असताना.

आकडेमोड

आपल्याला इंग्लंडमधली प्रकरणे जास्त परिचयाची आहेत, म्हणून तुलना करतो. फुटबॉलपटू जॉर्ज ईस्टहॅमने न्यूकॅसल क्लबविरुद्ध 1963 मध्ये असाच खटला जिंकला. केरी पॅकरच्या मालिकेत खेळणाऱ्या क्रिकेटपटूंवरची बंदी इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने 1977 मध्ये बेकायदा ठरवली. फ्लड या दोघांच्या मधल्या काळातला आणि एकटा हरलेला.

खाडीपलीकडे

एकटा हा शब्द बरोबर आहे. डिसेंबर 1969 मध्ये प्वेर्तो रिकोच्या सान हुआनमध्ये खेळाडूंच्या प्रतिनिधींनी एकमताने त्याला पाठिंबा दिला आणि वकिलांचा खर्च संघटनेने उचलला, हे त्यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे. मिलर यांनी त्याला आधीच बजावले होते की जिंकण्याची शक्यता कमी आहे आणि पुन्हा खेळायला मिळणार नाही. त्याने विचारले, पुढच्या खेळाडूंना याचा उपयोग होईल का? होईल, असे उत्तर आले, आणि त्याला तेवढे पुरले.

पण 1970 च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये सुनावणी झाली तेव्हा त्या वेळी खेळत असलेला एकही खेळाडू न्यायालयात येऊन बसला नाही. साक्षीला आले ते निवृत्त झालेले जॅकी रॉबिन्सन, म्हणजे आधुनिक काळातल्या मोठ्या लीगमधले पहिले कृष्णवर्णीय खेळाडू, आणि हँक ग्रीनबर्ग. रॉबिन्सन मधुमेहाने खचले होते, दृष्टी जवळजवळ गेली होती, आणि अडीच वर्षांच्या आत ते वारले. ते चालत आत येत आहेत हे दृश्य डोळ्यांसमोर आणले की मला खेळाडू आधी की खटला आधी हा प्रश्नच पडत नाही.

शांतनिळाई

पुढे त्याचे काय झाले?

मधलेमैदान

@शांतनिळाई, हा भाग लिहायला मन धजत नव्हते. 1971 मध्ये वॉशिंग्टन सेनेटर्सनी त्याला 1,10,000 डॉलरवर घेतले. एक वर्ष खेळापासून दूर राहिलेले शरीर साथ देईना. 13 सामने, 35 संधींत सात हिट्स, आणि एप्रिल संपण्यापूर्वी तो संघ सोडून निघून गेला. नंतर स्पेनमधल्या मायोर्का बेटावर त्याने काही काळ बार चालवला, दारूचे व्यसन जडले, पैसा गेला. परत आल्यावर 1978 मध्ये ओकलंड ए'जच्या सामन्यांचे समालोचन केले, व्यसनातून बाहेर पडला, ओकलंडमधल्या लहान मुलांच्या बेसबॉलसाठी काम केले. घशाच्या कर्करोगानंतर 20 जानेवारी 1997 रोजी, एकोणसाठावा वाढदिवस होऊन दोन दिवस झाले असताना, लॉस एंजेलिसमध्ये त्याचे निधन झाले. पुढच्याच वर्षी त्याच्या नावाचा कायदा संमत झाला आणि मोठ्या लीगच्या खेळाडूंच्या नोकरीपुरती ती जुनी सूट संपली.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. @खाडीपलीकडे यांचे म्हणणे मला बरेच पटले आहे, तरी माझा आग्रह पूर्णपणे सुटलेला नाही. हॉल ऑफ फेमसाठी, म्हणजे बेसबॉलमधल्या थोरांच्या मानाच्या यादीसाठी, पत्रकारांच्या मतदानात 75 टक्के मते लागतात. फ्लडला सर्वाधिक मिळाली ती 1996 मध्ये, 15 टक्क्यांच्या आसपास. आकडे पाहणारे म्हणतात, खेळ थोडा कमी पडला. खटला पाहणारे म्हणतात, तो तर हरला. दोन्ही तराजूंत वेगवेगळे तोलले की दोन्हीकडे तो थोडा उणा ठरतो.

आकडेमोड

आणि ज्या डिक अॅलनच्या बदल्यात त्याला फिलाडेल्फियाला देण्यात आले, तो डिसेंबर 2024 मध्ये हॉल ऑफ फेममध्ये निवडला गेला. मिलर यांची निवड 2019 मध्येच झाली होती. 2020 मध्ये अमेरिकेच्या शंभराहून अधिक लोकप्रतिनिधींनी फ्लडसाठी पत्र लिहिले होते. मी सुरुवातीला त्याच्या 85 होम रन्सकडे बोट दाखवले होते. आकडे तेच आहेत, पण मतदार असतो तर आज मी त्याला मत दिले असते.

ठामपणे

मीही दिले असते, आणि ते सात गोल्ड ग्लोव्हसाठी.

कमानीखालून

आजच हा धागा पाहिला. मी सेंट लुइसमध्ये राहते. कार्डिनल्सचे स्वतःचे हॉल ऑफ फेम बुश स्टेडियमला लागून असलेल्या बॉलपार्क व्हिलेजमध्ये आहे, आणि ज्या संघाने फ्लडला देऊन टाकले त्यानेच 2015 मध्ये त्याला तिथे जागा दिली. मी तिथे गेले आहे, पण तेव्हा फ्लडविषयी मला काहीच माहीत नव्हते, त्यामुळे त्याच्या फलकासमोर थांबले नाही. शनिवारी पुन्हा जाणार आहे. त्यावर 1969 च्या शेवटाविषयी काही लिहिले आहे का, की फक्त झेल आणि हिट्स आहेत, ते पाहून इथे लिहीन.

मधलेमैदान

@कमानीखालून, अवश्य लिहा. शक्य झाल्यास मजकूर शब्दशः उतरवून आणा. मी वाट पाहतो.